वाफ शंभराची, पाणी एकशेसातचं

"मॉडेल कोणी केलं होतं?" भर बैठकीत, गिऱ्हाइकाच्या माणसांसमोर साहेबांनी मला विचारलं. ज्यांनी मला त्या मॉडेलची तयार फाइल दिली, 'यात फक्त आकडे बदल, बाकी कशाला हात लावू नकोस' म्हणून बजावलं, त्याच साहेबांनी. तेव्हा मी गप्प बसलो. आज बोलतो.

काम म्हटलं तर साधं. आरओचं रिजेक्ट, म्हणजे गाळून उरलेलं खारं पाणी, एमव्हीआरमध्ये (स्वतःचीच वाफ दाबून पुन्हा तापवायला वापरणाऱ्या आटवणी यंत्रात) २४ टक्के मिठापर्यंत दाट करायचं. ब्लोअर वाफेचं तापमान आठ अंशांनी चढवणार. मिठामुळे उत्कलनबिंदू २.६ अंशांनी वाढेल असं सॉफ्टवेअर सांगत होतं. म्हणजे उष्णता पलीकडे जायला पाचाहून जास्त अंश हातात. त्या हिशोबावर ट्यूब मोजल्या, ऑर्डर गेली.

साइटवर पाणी आटेना. सुरुवातीला बरं चालायचं. दाटपणा चढला की मशीन धापा टाकायचं. तीन दिवस आम्ही गळती शोधली, ट्यूबवरचा थर शोधला, ब्लोअरवाल्यांशी भांडलो. चौथ्या रात्री ऑपरेटरकाका म्हणाले, "सर, वाफ शंभराची दाखवतंय आणि पाणी एकशेसातचं. मीटर खोटं नाही, साध्या पाण्यात उकळून बघितलंय मी."

आठातले सात गेले. उरला एक.

तिथेच लॉगबुकाच्या मागच्या पानावर गणित मांडलं. २४ टक्के म्हणजे किलोभर पाण्यात साधारण ५.४ मोल मीठ. मीठ फुटतच नाही असं धरून राउल्टचा नियम लावला, तर उत्तर आलं २.६. दशांशासकट आमच्या सॉफ्टवेअरचंच! फाइलमध्ये मीठ अख्खा रेणू म्हणून बसवलं होतं, साखर असावी तसं. सोडियम आणि क्लोराइड वेगळे धरले तर पाच अंश होतात. उरलेले दोन त्या आयनांच्या आपसातल्या आणि पाण्याबरोबरच्या ओढाताणीचे. पिट्झरने १९७३ साली समीकरणं मांडली ती याच ओढाताणीसाठी. इलेक्ट्रोलाइट एनआरटीएल हे मॉडेलही त्यासाठीच. दोन्ही पर्याय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. क्लिक करायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, हे कबूल.

पण एक सांगतो. पाण्याची पूर्ण तपासणी मी दोनदा लेखी मागितली होती. उत्तरात आला एकच आकडा, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या सगळ्याची नुसती बेरीज. नुसत्या टीडीएसवरून काय कळणार? तेवढ्याच वजनाचे सगळेच क्षार उत्कलनबिंदू सारखाच वाढवत नाहीत.

म्हणून नव्यांना सांगणं. मॉडेलला आधी उत्तर माहीत असलेला प्रश्न घाला. संपृक्त मिठाचं पाणी साध्या वातावरणदाबाला १०८.७ अंशांच्या आसपास उकळतं. २५ अंशांवर बंद भांड्यात त्याच्यावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते, आर्द्रतामापक त्यावरही तपासतात. हे दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका. विशिष्ट उष्माही बघा: २६ टक्क्यांच्या मिठाच्या पाण्याचा ३.३ च्या घरात येतो, साध्या पाण्याचा ४.१८. समुद्राच्या पाण्यासाठीचं टीईओएस-१० हे मॉडेल उत्तम आहे, पण त्यात क्षारांचं एकमेकांशी प्रमाण समुद्राचंच धरलेलं असतं. कारखान्याच्या रिजेक्टला ते लावणारे महाभाग मी पाहिलेत. बाकी नेहमीचंच: घाई करू नका, सगळं लेखी घ्या, ऑपरेटरचं ऐका.

शेवटी पहिल्यापुढे दुसरा ब्लोअर जोडला. खर्च कोणाच्या माथी गेला ते विचारू नका.

ती फाइल साहेबांच्या ऑफिसात अजून चालते असं ऐकतो. तिथून कोणी हे वाचत असेल, तर घटकांच्या यादीत मिठाचे आयन आहेत का, तेवढं आजच उघडून बघा.