पत्ता एकीकडे, वावर दुसरीकडे

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. “ताई, बोर्ड परत मेला,” एवढं म्हणून तू गप्प झालीस. ते गप्प होणं मला चांगलं ठाऊक आहे गं. आता सगळी निजलीत, चहाचा कप घेऊन बसलेय. ऐक.

आधी एक कबुली. पुण्यातल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं, “व्हर्च्युअल पत्त्यावरून खऱ्या मेमरीपर्यंत कसं पोचतात?” मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. मग समोरच्या बाईंनी टेबलावरची नखाएवढी चिप पुढे सरकवली. “आणि हिच्यात?” मला घाम फुटला. झरीहून परभणी, परभणीहून पुणे, एवढ्या लांब येऊन ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली. काहीतरी ठोकून दिलं. ती नोकरी हुकली त्याचं काही नाही. पण तो प्रश्न तेव्हा कुणाला विचारला नाही, ते पुढे फार महागात पडलं.

हे बघ, आपण घरात म्हणतो ‘चिंचेचं वावर’. सातबाऱ्यावर त्याचा गट नंबर असतो आणि माती असते शिवारात. नावावरून मातीपर्यंत जायचं तर तलाठ्याचं दप्तर लागतं. तुझ्या लॅपटॉपमध्ये ते काम एमएमयू, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट युनिट करतो. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, सगळं शिवार आपलंच. तो आपल्या मनातला पत्ता सांगतो, एमएमयू पेज टेबल नावाचं दप्तर बघून खरी जागा काढून देतो. नोंद नसेल तर दारातूनच परत पाठवतो. म्हणून तिथे एक प्रोग्राम मेला तरी बाकीचे चालू राहतात.

या दप्तराचं एक उदाहरण बघ. आपल्या पवईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ नावाचा प्रोसेसर केला, त्याची बातमी २०१९ च्या सुमारास तू वाचली असशील. चंदीगडजवळच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने तो बनला. त्यात एमएमयू आहे. तो ज्या स्पार्क व्ही८ घराण्यातला, त्या घराण्याच्या ठरलेल्या पद्धतीत ३२ बिटांच्या पत्त्याचे चार तुकडे पडतात: ८, ६, ६ आणि १२. पहिला तालुका समज, दुसरा गाव, तिसरा गट. शेवटच्या १२ बिटांत त्या गटातलं नेमकं पाऊल, कारण एक गट ४ किलोबाइटचा. एवढं डोक्यात बसलं की पेज टेबलची भीती गेलीच.

आता माझ्या मुलाखतीतली चिप. एसटीएम३२ एफ१०३ जातीची. ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम. रॅम सुरू होते हेक्साडेसिमल २००००००० वर आणि संपते २०००५००० च्या एक घर आधी. तिथे तलाठीच नाही! तू लिहिलेला पत्ता हीच माती. शून्य पत्त्यावरचं काही वाचायला गेलीस तर लॅपटॉप प्रोग्रामच बंद पाडतो. ही चिप मुकाट्याने आकडा काढून देते, कारण तिच्या शून्यावर खरंच काहीतरी ठेवलेलं असतं: व्हेक्टर टेबल. अशा चुकीला चूक म्हणणारं तिथे कुणी नाही.

तरीही एक गोष्ट दोन पत्त्यांची असते, आणि सगळे तिथेच फसतात. समज, तू लिहिलंस की व्होल्टेजची मर्यादा १८०. त्या चलाचा पत्ता रॅममधला. पण लाईट गेली की रॅम कोरी. मग १८० कुठून येणार? तो आकडा फ्लॅशमध्ये पडून असतो, आणि चिप जागी झाली की मेन सुरू होण्याआधी स्टार्टअप कोड तो उचलून रॅममध्ये नेतो. आपले अण्णा बियाणं घरात पोत्यात ठेवतात आणि पाऊस पडला की वावरात नेतात, तसंच. लिंकर स्क्रिप्टमध्ये हे दोन्ही पत्ते लिहिलेले असतात, साठवणीचा वेगळा आणि वापराचा वेगळा. नेण्याचं काम राहिलं, तर प्रोग्राम कोऱ्या वावरात पीक शोधत बसतो.

आता माझी चूक, जी मी ऑफिसात कुणाला नीट सांगितली नव्हती. मीटरच्या कामात तसल्याच चिपवर मी एका फंक्शनच्या आत १०२४ बाइटचा ॲरे टाकला. रॅम आधीच १९ किलोबाइटच्या वर भरलेली. स्टॅक वरून खाली येतो, ग्लोबल चलं खालून वर रचलेली. स्टॅकनं मधला धुरा कोरला आणि कॅलिब्रेशनचा आकडा खाऊन टाकला. कुठे एरर नाही, काही नाही. मीटर फक्त खोटं बोलायला लागला. आठ दिवस मी सेन्सर बदलत बसले. नवव्या दिवशी मॅप फाइल, म्हणजे कोण कुठल्या पत्त्यावर बसलंय त्याची लिंकरनं केलेली यादी, उघडली आणि दहा मिनिटांत कळलं. धुरा कोरणारा शेजारी आरडाओरडा करत नाही, नांगराच्या एकेका तासाने आत येतो. आपल्याकडे हे कुणाला सांगायला नको.

पुढे एमपीयू, म्हणजे मेमरी प्रोटेक्शन युनिट असलेली चिप हाती आली तर तो धुरा पक्का करता येतो. एमपीयू पत्ता बदलत नाही, फक्त राखण करतो. कॉर्टेक्स एम३-एम४ मध्ये त्याचे सहसा ८ भाग आखता येतात. भाग निदान ३२ बाइटचा, आकार दोनाच्या घातात आणि सुरुवात त्या आकाराच्या पटीत. स्टॅकच्या पायथ्याशी असा एक ‘पाय ठेवू नये’ पट्टा आखून ठेव. चोर तिथेच सापडतो.

आता तुझ्या बोर्डवरचा ईएसपी३२. तो मधला प्राणी. अंगच्या ५२० किलोबाइट रॅमला माझ्या चिपसारखा थेट पत्ता, पण प्रोग्रामचा बराचसा भाग बाहेरच्या फ्लॅशमध्ये. त्या फ्लॅशपुरता त्याच्याकडे छोटा एमएमयू असतो. तो ६४ किलोबाइटचे तुकडे पत्त्यांच्या खिडकीत मांडतो आणि कॅशेमार्फत दाखवतो. तू व्होल्टेजचा आकडा फ्लॅशमध्ये लिहायला घेतेस तेव्हा ही खिडकी तेवढ्यापुरती बंद होते. नेमका त्याच वेळी तुझा इंटरप्ट आला. त्याला तू ‘फ्लॅश बंद असली तरी धाव’ असं सांगून ठेवलंयस, पण त्याचं फंक्शन राहिलंय फ्लॅशमध्येच. दप्तर कुलपात आणि उतारा मागायला तू दारात! म्हणून ते ‘गुरू मेडिटेशन एरर’. नावाला घाबरू नकोस, ते जुन्या अमिगा कॉम्प्युटरवरून आलंय. खालची ओळ वाच: कॅशे बंद असताना कॅशेतली जागा मागितली, एवढंच ती सांगतेय.

उपाय सरळ आहे. इंटरप्टचं फंक्शन आयरॅममध्ये, म्हणजे अंगच्या रॅमच्या कोडसाठीच्या भागात ठेव. ते ज्या फंक्शनांना बोलावतं तीही तिथेच हवीत, आणि त्याला लागणारे स्थिर तक्ते डीरॅममध्ये, म्हणजे त्याच रॅमच्या डेटासाठीच्या भागात. इंटरप्टमध्ये फक्त खूण कर, हिशेब बाहेर. आकडा साठवणं तर मुळीच तिथे नको. आणि एवढं झालं की मॅप फाइल उघडून त्या फंक्शनचा पत्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नकोस.

लॅपटॉप अडकला तर आपण चिडतो आणि परत चालू करतो. तुझा बोर्ड विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसणार आहे. रात्रीची लाईट आली आणि बोर्ड मेलेला निघाला, तर बॅटरी घेऊन अंधारात अण्णाच उठतील. ते उठू नयेत म्हणून तर तू हे करायला घेतलंस ना?

उद्या फोन कर, पण आधी मॅप फाइल उघडून बस. आणि मध्येच काही कळलं नाही तर लगेच ‘ताई, नाही कळलं’ म्हण. त्या बाईंसमोर मला जे म्हणता आलं नाही, ते तू माझ्यासमोर तरी म्हण.