वर्तमान मूल्य

१९८८ साली भारत सरकारने किसान विकास पत्रे काढली, तेव्हा त्यांत गुंतविलेली रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. शंभराला साडेपाचाने भागून परतावा १८ टक्के ठरविण्याचा मोह वाचकाला होईल. तो आवरावा. व्याज मुद्दलात मिळून त्यावरही व्याज चढते. म्हणून खरा दर सुमारे १३.४ टक्के भरतो.

हाच हिशेब उलटा केला की वर्तमान मूल्य मिळते. या दराने साडेपाच वर्षांनंतरच्या १००० रुपयांचे आजचे मोल ५०० रुपये. परंतु एखाद्या कारखान्याला भांडवलाचा खर्च १५ टक्के पडत असेल, तर हेच मोल सुमारे ४६४ रुपये ठरते. तितक्याच मुदतीने १००० रुपये देणाऱ्या यंत्रावर त्याने ५०० रुपये घातले, तर ३६ रुपये गमावले. पाचशेचे हजार झाले एवढेच पाहणाऱ्याला मात्र तो नफाच वाटेल.