कबड्डी खेळणाऱ्याने फिजिओथेरपीकडे वळताना

भवानीनगर, ता. इंदापूर



कबड्डी खेळणाऱ्याची मैदानावरची वर्षे मोजकीच असतात. शाळेच्या संघातून सुरू झालेला खेळ बहुतेकांचा तिशीच्या आसपास थांबतो, आणि गुडघा गेला तर त्याच्या बराच आधी. फिजिओथेरपिस्टचा पेशा मात्र साठीपर्यंत चालतो. एका कामातून दुसऱ्यात जाण्याची वाट बारामती-इंदापूरच्या खेळाडूला खुली आहे. ती बारावीनंतर सुरू होते असा समज असतो, पण खरे म्हणजे ती दहावीनंतर लगेच सुरू होते, आणि पुष्कळ चांगले खेळाडू तिथेच चुकतात.

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात पोटापाण्याचा प्रश्न नेहमीच खेळाइतका मोठा राहिला आहे. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-खाणींत राबणारे रग्बीपटू सामन्यासाठी खाडा करत, आणि तो बुडालेला रोज भरून द्यायला रग्बीची मूळ संघटना तयार नव्हती. त्या वादातून 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वेगळी संघटना निघाली आणि पुढे रग्बी लीग हा 13 खेळाडूंचा खेळ उभा राहिला. ऐंशी मिनिटे एकमेकांना पाडण्याच्या त्या खेळातून निवृत्त झालेले काही जण पुढे फिजिओथेरपिस्ट झाले. दुखापतींची त्यांना आधीच जवळून ओळख होती, शिक्षण त्यांनी नंतर घेतले.

आपल्याकडे त्याच जातीचा खेळ कबड्डी. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेडोपाडीच्या पोरांना कबड्डीतून पैसा दिसू लागला. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांना घेतले. 1 मार्च 2024 रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. या बातम्या खऱ्या आहेत आणि त्यांचा अभिमानही रास्त आहे. पण लिलावात नाव पुकारले जाणारे थोडे, आणि हंगाम काही महिन्यांचा. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांतली नोकरी किंवा राज्य सरकारच्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातली जागा ज्याला मिळते, त्याचे मार्गी लागते. बाकीच्यांना दुसरा पेशा खेळता खेळताच तयार करावा लागतो.

फिजिओथेरपीच्या पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, आणि महाराष्ट्रात प्रवेश ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. आपल्या भागात होते ते असे: मुलगा जिल्हा पातळीवर चमकला की क्रीडाशिक्षक आणि घरचे मिळून त्याला अकरावीला कला शाखेत घालतात, कारण तिथे प्रॅक्टिकल नाही, सरावाला वेळ मिळतो. सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. मात्र दोन वर्षांनी पाय मुरगळून घरी बसलेल्या त्याच मुलाला फिजिओ व्हावेसे वाटले, तर दार बंद झालेले असते. म्हणून ज्याच्या मनात हा पेशा जरासुद्धा आहे, त्याने अकरावीला जीवशास्त्रासह विज्ञानच घ्यावे, मग सकाळचा सराव पाचला करावा लागला तरी चालेल. एखाद्या निवड चाचणीला मुकावे लागले तरी ते पुढच्या वर्षी भरून काढता येते. अभ्यासक्रमाच्या अटी बदलत असतात, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी राज्याच्या सीईटी कक्षाची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी, कुणाच्या ऐकीव माहितीवर राहू नये.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ही पदवी आजवर चार वर्षे आणि त्यावर सहा महिने इंटर्नशिप अशी चालत आली आहे. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ती इंटर्नशिपसह पाच वर्षांची आखली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या आरंभी, पोलिओने अपंग होणाऱ्या मुलांसाठी, हे शिक्षण देशात पहिल्यांदा सुरू झाले. केईएम, नायर, नागपूरचे शासकीय महाविद्यालय अशा सरकारी-पालिकेच्या जागा थोड्या, तिथली फी परवडणारी. पुण्यात संचेतीसारखी खासगी महाविद्यालये आहेत, तिथे खर्चाचा अंदाज घरात आधी मांडावा. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांतच दम निघतो. स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, त्याला कुठली नस जाते, हे शेकड्याने पाठ करावे लागते. सरावात शरीर राबवलेल्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते, आणि तिथे जो टिकतो तोच पुढे कामाचा होतो. हजेरीची अट कडक असल्याने या काळात राज्य संघाच्या शिबिरांना मुकावे लागेल, हेही आधीच धरून चालावे.

खेळाडूला या पेशात खरी सवलत कुठे मिळते, हे एका गुडघ्यावरून कळते. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकून परत वळत असतो. पाय मॅटवर रोवलेला, धड मध्यरेषेकडे फिरलेले, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरतो. गुडघ्यात खटकन आवाज होतो. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरून पीळ सोडवतो. मॅटवर बुटाची पकड तो सुटू देत नाही. दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्तस्राव झाला असे समजावे, आणि एसीएल हे लिगामेंट तुटल्याची शंका घ्यावी. मग तपासणी. रुग्ण उताणा, गुडघा वीस-तीस अंशांत वाकलेला. एका हाताने मांडी गुडघ्याच्या वर घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने नडगीचे वरचे टोक पुढे ओढायचे. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी किंचित सरकून ठाम थांबते. तुटले असेल तर ती पुढे येतच राहते आणि शेवटी थांबते तीही मऊपणे. दुसरा, चांगला पाय आधी तपासलेला असला पाहिजे, कारण सैल सांध्यांच्या माणसाचे दोन्ही गुडघे थोडे सरकतातच. ज्याने स्वतः ती पकड खाल्ली आहे, त्याला रुग्णाने दोन वाक्यांत सांगितलेला प्रसंग लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो. निदान अर्धे तिथेच होते.

शस्त्रक्रियेनंतरचे काम मात्र अनुभवावर चालत नाही. गुडघ्यात बसवलेला नवा दोर, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा वाटीखालचा काढून लावलेला कंडरा, पहिल्या दोन-तीन महिन्यांत हाडात रुजताना आधी कमकुवत होतो आणि मग हळूहळू मजबूत. नेमके याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, आणि खेळाडूला वाटते आपण बरे झालो. गावच्या यात्रेतले सामने तोंडावर असतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसले की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके लांबवले, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटली. पण नुसते महिने मोजूनही भागत नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर आल्याशिवाय चढाई नाही, हा नियम पाळावा. पकडीचा सराव त्याहून उशिरा, आणि साखळी पकड सर्वांत शेवटी.

माजी खेळाडूकडून होणारी मोठी चूकही इथेच होते. आपला गुडघा ज्या व्यायामाने बरा झाला, तोच व्यायाम तो प्रत्येकाला देऊ लागतो. दुसरी चूक यंत्रांची. आपल्या भागात रुग्णाला शेक आणि करंट दिला नाही तर उपचार झाल्यासारखे वाटत नाही, आणि पोट भरायचे म्हणून नवा फिजिओ यंत्रांच्या आहारी जातो. यंत्राने काही काळ दुखणे कमी होते, पण ताकद येते ती व्यायामानेच. हे समजावण्यात जाणारा वेळ हाही उपचाराचाच भाग धरावा. बर्फाबद्दलची समजूतही बदलली आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावणे हे सूत्र 1978 मध्ये मांडणारे डॉ. गेब मिर्किन यांनीच नंतर लिहिले की बर्फ बरे होण्याची गती मंदावू शकतो. ज्याला विद्येची गोडी असते, तो असे बदल सहज पचवतो.

खेळाची आवड घेऊन आलेल्या मुलाला हेही माहीत हवे, की या भागात दवाखाना टाकला तर समोर बसणारे बहुतेक रुग्ण खेळाडू नसतात. कुणाला अर्धांगवायू झालेला असतो, कुणाचा खांदा आखडलेला, आणि साठीच्या बायकांचे गुडघे झिजलेले. दिवाळीनंतर छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी या साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. वाकून कोयता चालवायचा आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे, या कामाचा भार कमरेवर आणि मानेवर पडतो. या माणसांना चार दिवस विश्रांती घ्या असे सांगणे व्यर्थ आहे, कारण चार दिवसांची मजुरी बुडते. मोळी कशी उचलावी, पाय कुठे ठेवावा, संध्याकाळी पाच मिनिटे काय करावे, इतकेच सांगता येते, आणि ते फडात जाऊन सांगितलेले बरे. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी असे करत इंदापुरात येते, तेव्हा पोटऱ्या आणि टाचा धरलेले वारकरी रस्त्यात बसलेले दिसतात. सकाळी मैदान गाजवलेल्या हातांना संध्याकाळी हे काम हलके वाटत असेल, तर त्या खेळाडूने हा पेशा घेऊ नये.

उपचाराने माणूस कुठवर जाऊ शकतो याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुरलीकांत पेटकर. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला. उपचार म्हणून पोहणे सुरू केले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले.

संघाबरोबर काम करणाऱ्या फिजिओवर दडपण येते ते प्रशिक्षकाचे आणि व्यवस्थापनाचे. निर्णायक सामन्यात दुखणारा पाय घेऊन खेळाडूला उतरवायचे असते, आणि खेळाडू स्वतःही हो म्हणतो. माजी खेळाडूला हे दडपण जास्त कळते, म्हणून तो जास्त लवकर वाकतो. तपासणीची नोंद लिहून ठेवावी, नकार लेखी द्यावा. औषधांबाबतही तसेच. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची प्रतिबंधित पदार्थांची यादी दरवर्षी 1 जानेवारीला नव्याने लागू होते. शरीरात पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूची, मग तो कुणी दिला का असेना. जिममधल्या डब्याची पावडर किंवा ओळखीच्या मेडिकलमधली गोळी फिजिओने कधी सुचवू नये.

पदवी हातात आल्यावर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय रुग्णाला हात लावू नये. पहिली दोन-तीन वर्षे मोठ्या रुग्णालयात, शक्यतो अस्थिशल्य विभाग असलेल्या ठिकाणी काढावीत. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पुणे दोन-अडीच तासांवर. ज्याला क्रीडा क्षेत्रातच राहायचे आहे, त्याने पदव्युत्तर शिक्षण क्रीडा किंवा अस्थिस्नायू शाखेत घ्यावे, आणि त्या काळातही आठवड्यातून एकदा गावच्या संघाच्या सरावाला जाऊन मुलांच्या उड्या आणि वळणे पाहावीत. दुखापत होण्याआधी उतरणे आणि वळणे शिकवता आले तर पुढची शस्त्रक्रिया पुष्कळदा टळते, आणि त्या कामाला जागा फक्त मैदानाची कड एवढीच लागते.