अवेळी आलेला वसंत

विद्यार्थिमित्रहो, वसंत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोहरलेला आंबा उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र वसंत ऋतू फुलोऱ्याबरोबर वादळेही घेऊन येतो. असे का होते, हे आज आपण पाहू.

प्रथम नकाशा उघडावा. आपल्या देशाच्या उत्तरेस हिमालय आडवा उभा असून तो मध्य आशियातील थंड वारे अडवितो. अमेरिकेतील रॉकी पर्वताची रांग दक्षिणोत्तर आहे. त्यामुळे कॅनडाकडील थंड, कोरडी हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरील उष्ण, दमट हवा यांच्यामध्ये कोणताच आडवा पर्वत नाही. मधल्या विस्तीर्ण मैदानावर त्यांची गाठ पडते. दमट हवा वेगाने वर चढते, उंचावरील निराळ्या दिशेच्या वाऱ्यांमुळे ती फिरू लागते, आणि अशा मेघांपैकी काहींतून सोंडेसारखा वावटळीचा स्तंभ भूमीवर उतरतो. हाच टोर्नॅडो होय.

२ मार्च २०१२ रोजी इंडियाना, केंटकी आदी राज्यांत अशा वादळांनी सुमारे ४० माणसांचे प्राण घेतले. इंडियानातील हेन्रीव्हिल गावची शाळा उद्ध्वस्त झाली. परंतु हवामानखात्याच्या इशाऱ्यामुळे मुलांना वेळेपूर्वीच घरी पाठविले होते. शाळेत एकही जीव गेला नाही. वेळीच मिळालेल्या आणि वेळीच मानलेल्या ज्ञानाचे मोल याहून अधिक काय सांगावे?

त्यानंतर त्याच महिन्यात निराळाच प्रकार घडला. उंच वातावरणातील वेगवान वायुप्रवाह नेहमीपेक्षा बराच उत्तरेस सरकला आणि दक्षिणेची ऊब देशाच्या मध्य व पूर्व भागांत पसरली. शिकागो शहरी मार्चच्या मध्यास दुपारचा पारा एरव्ही ४६-४७ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो; त्या मार्चात तो आठ दिवस ८० अंशांवर गेला. लोक आनंदले. मिशिगन राज्यातील सफरचंदांची व चेरींची झाडेही फसली आणि कित्येक आठवडे आधीच फुलली.

मिटलेली कळी कडक थंडी सोसते. उमललेले फूल मात्र २८ अंशांच्या खाली करपू लागते. एप्रिलात नेहमीप्रमाणे गोठविणाऱ्या रात्री आल्या. उंचावरील उबदार हवा खाली आणण्यासाठी बागाईतदारांनी मोठमोठे पंखे फिरविले, तरी सफरचंदांचे सुमारे नऊ-दशांश पीक गेले. तेथील आंबट चेरीचीही तीच गत झाली.

अवकाळी पावसाने मोहर झडला म्हणजे आपल्याकडील बागाईतदाराच्या घरी कोणती कळा येते, हे आम्ही पाहिले आहे; म्हणून मिशिगनच्या शेतकऱ्याचे दुःख आम्हांस परके वाटत नाही.

वादळ गर्जत येते, म्हणून मनुष्य सावध होतो. अवेळी आलेली ऊब हसत येते, आणि तिच्या हानीचा हिशेब महिन्याने कळतो. सृष्टीत ऊब आणि थंडी यांच्याइतकेच त्यांच्या वेळेलाही महत्त्व आहे. यासाठीच, मित्रहो, शाळेच्या तापमापकावरील आकडा रोज वहीत टिपून ठेवीत जा. नेहमीचे काय हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच वेगळे काय घडले ते ओळखता येते.