टेंभा नको, आधी ओळखा

मोहोळ दिसलं की आमच्या पेडगावात पहिला शब्द निघतो ‘आग्या’, आणि लगेच टेंभ्याची तयारी सुरू होते. आमच्या लिंबोणीवरचं तळहाताएवढं पोळं असंच जळालं. ते फुलोरीचं होतं. फुलोरी छोटी, पोटाच्या सुरुवातीला तांबूस. झुडपाच्या फांदीला एकच पोळं बांधते. आग्या तिच्या जवळजवळ दुप्पट, नि तिचं हातभर रुंद पोळं उंच वडा-पिंपळाला किंवा पाण्याच्या टाकीखाली लोंबतं.

तेव्हापासून मी अंगणातल्या फुलांवर कोण येतं ते बघत असतो. माश्या याव्यात म्हणून अंगणात लव्हेंडरच लावायला हवं असं नाही. ते जम्मूतल्या भदरवाहसारख्या थंड हवेत फुलतं. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्याचं पाणी धरून राहतं नि त्याची मुळं कुजतात. तुळस आणि सब्जा त्याच कुळातले. मंजिऱ्या आल्या की सगळे पाहुणे तिथेच भेटतात.

पिवळसर पट्ट्यांची सातेरी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते. मुंगीएवढी काळी माशी दिसली तर ती डंख न मारणारी. निळ्या पट्ट्यांची माशी एकटी राहते, मातीत बीळ करते. वांग्या-टोमॅटोचं फूल धरून अंग थरथरवते, तसे पराग झडतात. गुलाबाच्या पानांच्या कडा गोल कापलेल्या दिसल्या, तर फवारा काढू नका. पानकापी माशी ते तुकडे पिल्लांच्या कोठड्यांसाठी नेते, पान खात नाही.

ऊन थोडं चढल्यावर, वारा नसताना बसा. रंगाआधी पराग कुठे आहेत ते बघा: मागच्या पायांवर गोळी असेल तर ती मोहोळातली माशी, पोटाखाली पिवळी पूड असेल तर पानकापी. पंखांची एकच जोडी, मोठे डोळे आणि आखूड मिशा असतील, तर पट्टे असूनही ती मधमाशी नव्हे. ओळख पटेना, तर फोटो काढून परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्राच्या लोकांना दाखवा.

तूर फुलात असताना फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर करा. मोहोळ खरंच आग्याचं निघालं, तर खाली धूर, फटाके, दगड काही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून बंद खोलीत पळा, काटा नखाने लगेच खरवडून काढा. श्वास अडला, घसा किंवा तोंड सुजलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.