नमुना दुसऱ्याचा, हात आपला

आपल्या दुकानात किंवा घरात संगणक असेल, तर त्याच्या पोटातली मुख्य चिप बहुधा दोनपैकी एका घराण्याची असते: इंटेल किंवा एएमडी. इंटेलचे नाव जाहिरातींनी घरोघर पोहोचवले. एएमडीचे नाव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवणाऱ्यांनाच अधिक ठाऊक असे. गिऱ्हाईकाचा खिसा हलका असला की दुकानदार तो माल पुढे करी. आज आम्ही या दुसऱ्या घराण्याचा हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याला कारण आहे. भिवंडी-मालेगावात व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारा यंत्रमागवाला, किंवा दुसऱ्याच्या नमुन्यावर बॅगा शिवून देणारा कारागीर जिथे उभा असतो, त्याच जागेवरून एएमडीने संगणकाच्या चिपचा धंदा सुरू केला होता.

कंपनी १ मे १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झाली. जेरी सँडर्स आणि त्यांचे सात सोबती फेअरचाइल्ड ही चिप बनवणारी कंपनी सोडून बाहेर पडले होते. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी वर्षभर आधी इंटेल काढली होती. म्हणजे दोन्ही दुकाने एकाच पेढीतल्या माणसांची.

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्यात इंटेलची चिप होती. आयबीएम हा जुना, सावध खरेदीदार. एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला तो तयार नव्हता. दुसऱ्या ठिकाणीही हाच माल तयार झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह. म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांचा करार झाला आणि इंटेलच्या नमुन्यावर एएमडी माल काढू लागली. हात तयार होता. २८६ नावाची चिप इंटेलने १२.५ मेगाहर्ट्झपर्यंत पळवली, एएमडीने तीच १६ मेगाहर्ट्झपर्यंत नेली.

इथेच खटका उडाला. १९८५ मध्ये इंटेलने पुढची ३८६ ही चिप काढली आणि तिचा नमुना एएमडीला द्यायचे नाकारले. मालकाने नमुना अडवला की मजुरीवाल्याची काय गत होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. एएमडीने दोन वाटा धरल्या. एकीकडे १९८७ मध्ये लवादाकडे दाद मागितली. दुसरीकडे इंटेलची चिप उघडून, तिचा धागा न् धागा समजून घेऊन, तशीच चिप स्वतः घडवायला घेतली. ती १९९१ मध्ये बाजारात आली. इंटेलच्या ३८६ चा वेग ३३ मेगाहर्ट्झपर्यंत होता, हिचा ४०. लवादाचा निकाल १९९२ मध्ये एएमडीच्या बाजूने लागला आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९९४ मध्ये कायम केला. कागदावर न्याय मिळायला सात वर्षे गेली. तेवढ्या काळात एएमडी निकालाची वाट पाहत बसली असती, तर निकाल घ्यायला कोणी उरले नसते.

१९९५ मध्ये दोघांत तडजोड झाली. ४८६ च्या पुढे मात्र नक्कल नाही; स्वतःचे डोके चालवायचे. पहिला प्रयत्न फसला. के-५ ही चिप १९९६ मध्ये आली ती उशिरा आणि धीमी. मग एएमडीने नेक्सजेन नावाची छोटी कंपनी विकत घेतली. तिच्याकडे चांगला आराखडा होता, कारखाना नव्हता. त्यातून १९९७ साली के-६ निघाली. ती पेंटियमच्याच खाचेत बसे, त्यामुळे संगणक जुळवणाऱ्याला बोर्ड बदलावा लागत नसे. स्वस्त संगणकांचा बाजार तिने बराच वाढवला. १९९९ मध्ये ॲथलॉन आली आणि मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला.

त्यानंतरची गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. ६४ बिटच्या संगणकासाठी इंटेलने इटॅनियम नावाची अगदी नवी रचना आणली. जुने प्रोग्राम तिच्यावर रखडत चालत. एएमडीने जुनीच रचना रुंद केली, म्हणजे गिऱ्हाईकाने आधी घेतलेले काहीही वाया जाणार नाही. ही ऑप्टेरॉन चिप २००३ मध्ये आली. २००४ मध्ये इंटेलला तीच रचना आपल्या मालात घ्यावी लागली. कालच्या नकलाकाराचा नमुना मूळ मालक गिरवू लागला, आणि आजचे बहुतेक विंडोज संगणक त्याच रचनेवर चालतात.

तरीही गल्ला भरला नाही. इंटेल सवलती देऊन मोठ्या गिऱ्हाईकांना आपल्याकडेच बांधून ठेवते, अशी तक्रार घेऊन एएमडी २००५ मध्ये न्यायालयात गेली. त्या फिर्यादीत एक गोष्ट आहे: एचपीला दहा लाख चिपा फुकट देऊ केल्या, तर तिने १ लाख ६० हजारच घेतल्या. इंटेलचा रोष नको म्हणून फुकटचा मालही परत, असे एएमडीचे म्हणणे. इंटेलने आरोप नाकारले, पण २००९ मध्ये १२५ कोटी डॉलर देऊन वाद मिटवला.

पण सगळा दोष शेजाऱ्यावर टाकून चालणार नाही. २००६ मध्ये एएमडीने चित्रांच्या चिपा करणारी कॅनडाची एटीआय ही कंपनी ५४० कोटी डॉलरना घेतली आणि त्यासाठी मोठे कर्ज उचलले. माल चांगला होता, भाव जड होता. त्यातच पुढच्या वर्षी आलेल्या नव्या चिपेत दोष निघाला. २००७ चा तोटा ३३० कोटी डॉलरहून अधिक! सँडर्स एके काळी म्हणत असत की ज्याचा स्वतःचा कारखाना तोच खरा मर्द. २००९ मध्ये तेच कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या सरकारी कंपनीच्या भागीदारीत घालावे लागले. तिथूनच माल उचलण्याचा करार गळ्यात राहिला. २०१२ मध्ये ठरलेला माल उचलता आला नाही, म्हणून ३२ कोटी डॉलर भरावे लागले. २०१३ मध्ये ऑस्टिन शहरातली कचेरीची जागा विकून तिथेच भाडेकरू होण्याची पाळी आली.

भिंती विकल्या, यंत्रे विकली, ते आम्हाला समजू शकते. पण २००९ मध्येच एएमडीने मोबाईलच्या चित्र-चिपांचा विभाग क्वालकॉमला अवघ्या ६.५ कोटी डॉलरना दिला. क्वालकॉमने पुढे तिला ॲड्रेनो म्हटले. एएमडीच्या रेडिऑन या नावाचीच इंग्रजी अक्षरे उलटसुलट केलेली. स्मार्टफोनचा पूर तेव्हा नुकताच येऊ लागला होता. आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये स्नॅपड्रॅगन चिप असेल, तर त्यात ॲड्रेनो आहे. घर विकले तर भाड्याने मिळते, विकलेला हुन्नर भाड्याने मिळत नाही.

२०१५ मध्ये एएमडीचा समभाग दोन डॉलरच्या खाली गेला होता. २०१४ च्या ऑक्टोबरात सूत्रे हाती घेतलेल्या लिसा सू यांनी थोड्याच मालावर जोर दिला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या खेळांच्या यंत्रांत एएमडीची चिप २०१३ पासून होती. त्या धंद्यात नफा बेताचा, पण मागणी बांधलेली. त्यावर घर चालवीत झेन हा नवा आराखडा पुरा झाला आणि मार्च २०१७ मध्ये रायझेन बाजारात आली. आठ गाभ्यांची रायझेन ४९९ डॉलरना मिळे, तेव्हा इंटेलच्या आठ गाभ्यांच्या चिपेला हजारावर मोजावे लागत.

सर्व्हरसाठीच्या एपिक चिपेतली युक्ती चामड्याचे काम करणाऱ्याला चटकन कळेल. चामड्यावर चार डाग असतील आणि तुम्हाला अख्खी मोठी बॅग एका तुकड्यात कापायची असेल, तर एक डागही सगळा तुकडा बाद करतो. लहान तुकडे कापले तर डागाचा तेवढा तुकडा फेकून बाकीचे वापरता येतात. सिलिकॉनच्या चकतीवरही असेच दोष असतात. एएमडीने ३२ गाभ्यांची एकसंध चिप न करता आठ-आठ गाभ्यांचे चार तुकडे केले आणि जोडले. कंपनीच्या हिशेबाने खर्च सुमारे ४१ टक्के वाचला. २०१९ पासून यातले गाभ्यांचे तुकडे तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात होऊ लागले.

२०२२ मध्ये एएमडीचे बाजारमूल्य प्रथमच इंटेलच्या वर गेले. स्वतःचा चिप-कारखाना तिच्याकडे आजही नाही. आणि १९८५ मध्ये नमुना देण्याचे नाकारणाऱ्या इंटेलने २०२१ मध्ये जाहीर केले की आता आपल्या कारखान्यात इतरांच्या नमुन्यावरही माल करून मिळेल.