'आणि'च्या अलीकडे

द्वितीय वर्षाला 'चरित्र' हा वाङ्मयप्रकार शिकताना मी आनंदीबाई जोशींवर टिपण काढलं होतं. त्यात एक वाक्य होतं : 'चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला आणि आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.' शाळेपासून आपण सगळेच हे वाक्य असंच लिहीत आलो आहोत. परीक्षेत ते चालतं, मार्कही मिळतात. मला आज त्यातल्या एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'आणि'.

त्याचं कारण आमच्या घरात घडलं. आमचं घर सुरतला, लिंबायतमध्ये. खानदेशातून कापडाच्या कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबं तिथे राहतात, त्यातलंच आमचं एक. दादा लूमवर जातो, वहिनी घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. गेल्या वर्षी तिला आठवा महिना चालू असताना एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. बाळंतपण मात्र कळा देऊन पूर्ण करावं लागलं. मुलगी होती. दादा आणि अप्पा तिला पुरून आले. वहिनीला तोंडही दाखवलं नाही. 'बघितलं तर जास्त जीव लागेल' असं सगळ्यांचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. असं होईल हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, दवाखान्यात नाही आणि घरीही नाही. वार पडली की शरीर दूध तयार करायला लागतं, बाळ आहे की नाही हे ते पाहत नाही. छाती दगडासारखी झाली. वहिनी मोरीचं दार लावून रडत होती आणि मी बाहेरून म्हणाले, "वहिनी, रडू नको ना. वय आहे अजून, दुसरं होईल." मराठी साहित्याची विद्यार्थिनी मी, मला एवढंच सुचलं!

नंतर लक्षात आलं, माझं 'दुसरं होईल' आणि टिपणातलं 'आणि' एकाच जातीचे. दुःखाला धड बसूही न देता दोन्ही त्याला पुढे ढकलतात.

मग मी आनंदीबाईंकडे परत गेले. जन्म ३१ मार्च १८६५, कल्याण. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. १८८३मध्ये अमेरिका, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. म्हणजे बाळाचा मृत्यू आणि पदवी यांत सहा-सात वर्षं आहेत, ती आपण एका अव्ययात संपवतो. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. एवढं लांब जाऊनही त्या बाळंतिणीच्या खोलीतच परत आल्या. याला मी 'दुःखावर मात' म्हणणार नाही. ते दुःख त्यांनी सोबत नेलं. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशीही पूर्ण न होता, त्या पुण्यात गेल्या. एक बाळ गेलं, त्याबदली एक डॉक्टर मिळाली, असा हिशेब इथे लागतच नाही. माझी वहिनी तर डॉक्टर होणार नाही. तिचं दुःख काही घडवण्यासाठी नाही, तरी ते तेवढंच खरं आहे. म्हणून टिपणातलं वाक्य मी 'दगावला'पाशीच तोडलं. तिथे पूर्णविराम.

आपल्या चॅपलमध्ये ईयोबाची गोष्ट आपण ऐकतो. मुलं गेल्यावर त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तोवर ते चांगले मित्र होते. चुकले ते नंतर, कारणं सांगू लागले तेव्हा.

शब्दांच्या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा बरा. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येत होतं. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही मृतजन्म हा 'जन्म'च. पण नगावर काम करणाऱ्या वहिनीला कुठली रजा? सव्वा महिना व्हायच्या आत साड्यांचं गाठोडं परत घरात आलं.

आपल्याला काय करता येईल? बाळ बघायचं का, हे आईबापांनाच विचारावं, त्यांच्या वतीने ठरवू नये. दूध येईल हे आधी सांगावं. आधार देणारे कपडे आणि थंड पट्ट्या यांनी आराम पडतो. दूध सारखं पिळून काढू नये, त्याने ते वाढतं. ताप आला किंवा छाती लाल झाली तर डॉक्टरकडे जावं. बापालाही विचारावं. दादा चौथ्या दिवशी लूमवर गेला, त्याला कुणी काही विचारलं नाही. आठवडे लोटले तरी झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. रात्री वहिनी टिकल्या लावत होती, दादा जेवून बसला होता. मी विचारलं, "दादा, कशी होती रे ती?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "केस खूप होते. हिच्यासारखे, कुरळे."

वहिनीने सुई खाली ठेवली. "आणि नाक?" तिने विचारलं.

त्या रात्री दोघं उशिरापर्यंत बोलत होते. मी मध्ये काही बोलले नाही.